रेडेटरचं टोपण

विजू गाडीचं पाणी बदलतो त्या दिवशी मी दुसरं काम हाती घेत नाही. अंगणात खुर्ची टाकते आणि गाडीसमोर बसते. सून म्हणते, "आई, उन्हात काऊन बसून राहिल्या? गाडी पळून चालली का?" मी म्हणते, "पळू नये म्हणूनच बसली." ती हसते आणि चहा आणून देते. विजू आमच्या गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या घरी सगळं स्वतः करतो. गॅरेजवाले अर्धंच पाणी काढतात आणि वरून नवं ओततात असं त्याचं म्हणणं आहे. आता त्याला पाणी म्हणत नाहीत, कूलंट म्हणतात. हिरवं असतं आणि वास गोडसर येतो. कुत्र्यानं चाटलं तर मरतं, म्हणून विजू आधी कुत्रं बांधतो. इंजिन पूर्ण निवेपर्यंत हात लावत नाही. मग वरचं टोपण काढतो, खाली टब सरकवतो, पाठीवर झोपून खालचा बूच उघडतो आणि जुनं कूलंट धार धरून टबात पडतं. ते तो मातीत सांडत नाही, डब्यात भरून ठेवतो. पण ह्या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे जी त्याच्या मोबाईलच्या व्हिडिओतला कोणताही माणूस करून दाखवत नाही. टोपण काढलं की विजू ते सुतळीनं स्टेअरिंगला बांधतो. हे तो माझ्याकडून शिकला. मी माझ्या वडिलांकडून शिकले होते. त्या टोपणाबद्दल हे प्रकरण आहे.

माझं माहेरचं गाव नागऱ्याच्या पलीकडे. गोंदियाला जायचं तर नागऱ्यावरून जावं लागे आणि महादेवाच्या देवळाचा कळस दिसला की अर्धा रस्ता झाला असं माणसं धरत. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, पुढे मोठं अंगण, अंगणाच्या एका बाजूला बैलांचा कोठा आणि दुसऱ्या बाजूला बाबूजींची जीप. बाबूजी म्हणजे माझे वडील. ती जीप त्यांनी जंगलच्या एका ठेकेदाराकडून घेतली होती. तिला दरवाजे नव्हते आणि मागच्या बाकाची गादी उंदरांनी खाल्ली होती, पण गावात दुसरी गाडी नव्हती. बाजाराला, लग्नाला, दवाखान्याला, सगळ्याला तीच. सकाळी ती चालू झाली की कोठ्यातले बैल एकदम उभे राहत. माय, म्हणजे माझी आई, चुलीपाशी बसून अक्सं करत असे, तांदळाच्या पिठाचं धिरडं. त्या धुराला आणि जीपच्या धुराला मिळून जो वास यायचा तो मला अजून आठवतो. चांगला वास नव्हता. आठवतो एवढंच.

बाबूजींना मुलींनी काय करावं आणि काय करू नये याचं फार वेड नव्हतं. चौथीनंतर मला शाळेतून काढलं ते मायनं, आणि काढल्यावर मी रिकामी दिसले म्हणून त्यांनी मला जीपच्या कामाला लावलं. दादा, माझा मोठा भाऊ, गाडी चालवायला शिकला होता, पण तिच्या पोटात काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मला होतं. वर्षातून दोनदा बाबूजी रेडेटर धूत. रेडिएटरला आमच्याकडे रेडेटरच म्हणत. खालची तोटी सोडली की विटकरी रंगाचं, गंजाचं पाणी घमेल्यात पडे. इंजिनला बाजूला आणखी एक तोटी होती, ती सोडायला माझीच बोटं पुरत. मग धुण्याचा सोडा घातलेलं पाणी भरायचं, इंजिन थोडा वेळ चालवायचं, निवू द्यायचं आणि पुन्हा सोडायचं. असं दोनदा. शेवटचं भरायचं पाणी मात्र विहिरीचं चालत नसे. आमच्या विहिरीचं पाणी खारं, घागरीला आतून पांढरं कवच धरे. "घागरीत धरते तसं इंजिनमंधी धरते," बाबूजी म्हणत. म्हणून तलावाचं पाणी आणायचं, मोठ्या पितळी गुंडात, म्हणजे हंड्यात, उकळायचं, निवत ठेवायचं आणि जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळून भरायचं. उकळलेलं पाणी गरम असताना भरू देत नसत. चांगलं थंड झालं पाहिजे. माय म्हणे, "पोरीच्या बाळंतपणाले एवढं करत नाही मानूस."

आणि टोपण. रेडेटरचं पाणी सोडलं की बाबूजी पितळेचं ते टोपण सुतळीत ओवून स्टेअरिंगला टांगत. पाणी भरून झालं की मगच ते परत जागेवर बसे. "स्टेरिंगले टोपण दिसलं का गाडीले हात नाही लावाचा. नाही दिसलं का काढा गाडी," हा नियम. दादाला लिहिता वाचता माझ्यापेक्षा जास्त येत होतं, पण गाडीचं त्याला एवढं एकच पाठ होतं. तेवढं पुरेही होतं. काट्यावर भरवसा ठेवता येत नसे. तो काटा पाण्यात बुडलेला असला तरच गरमी सांगतो. पाणीच नसेल तर तो मुकाट पडून राहतो आणि सगळं ठीक आहे असं वाटतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या वर्षी माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं नाव शेवंता, आम्ही तिला बाई म्हणायचो. ती गोरी होती, मी काळी. ती दिसायला चांगली होती हे सांगायला मला आता काही वाटत नाही, तेव्हा वाटायचं. बाई खाटेवर बसून मला हुकूम सोडायची. "हे पोट्टी, इकडे ये, पाय दाब." मी म्हणायची, "माह्या हाताले ग्रीस आहे." ती म्हणायची, "ग्रीसनं दाब, तुह्या जीपचे दाबते तसे." आणि स्वतःच पोट धरून हसायची. रात्रीचं तिला झोप येत नसे, म्हणून दिवसा ती मला बोलतं ठेवायची. बाळाचं नाव काय ठेवायचं ते आम्ही रोज बदलत होतो. सुईण पाहून गेली होती, अजून पंधरा दिवस आहेत म्हणाली.

दसऱ्याच्या सकाळी बाबूजींनी आणि मी रेडेटर धुतला. दसऱ्याला गाडीची पूजा, त्याच्या आधी आतली घाण निघाली पाहिजे. दोन्ही वेळचं सोड्याचं पाणी सोडून झालं, तोट्या बंद केल्या, गुंडात तलावाचं पाणी उकळून उतरवलं. बाबूजींनी टोपण स्टेअरिंगला टांगलं आणि शेतात निघाले. हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या धानाच्या लोंब्या भरल्या होत्या. दसऱ्याला नव्या लोंब्या घरी आणून देवापुढे ठेवायच्या असतात. जाताना मला म्हणाले, "पानी थंड झालं का गाळून भरजो. मंग टोपण लावजो. घाई करजो नोको." मी "हो जी" म्हटलं. घाई मी केली नाहीच.

माय उडदाचे वडे आणि सुवाऱ्या तळत होती, सुवाऱ्या म्हणजे पुऱ्या. बाईला चुलीपाशी बसवत नव्हतं, म्हणून ती अंगणात खाटेवर झेंडूचे हार करत होती. पूजेची वेळ टळत चालली होती आणि बाबूजी आले नव्हते. मायनं आतून ओरडून सांगितलं की हार आणि कुंकू तेवढं करून घ्या, नारळ ते आल्यावर फोडतील. मी बोनेटवर हळद-कुंकू लावलं. बाईनं जीपकडे पाहिलं आणि नाक मुरडलं. बोनेट वर केलेलं होतं आणि रेडेटरचं तोंड उघडं दिसत होतं.

"टोपण लाव व तिले," बाई म्हणाली.

"पानी नाही भरलं अजून."

"तं काय झालं? पुजेपुरतं लाव. डोईवर पदर घेतल्याबिगर माय पुजेले बसते का? अन् हे पाय कशी बोडकी उभी आहे. मोकळ्या तोंडाच्या गडव्याची तरी पूजा करते का कोनी?"

आमच्याकडे हे खरंच होतं. उघड्या तोंडाचं भांडं पूजेला ठेवत नसत, तोंडावर पान नाही तर नारळ ठेवत. मला ते पटलं. मी स्टेअरिंगच्या सुतळीतून टोपण सोडवलं, रेडेटरवर दाबून फिरवलं, बोनेट खाली केलं आणि वरून बाईनं केलेला जाड हार घातला. बाई म्हणाली, "आता कशी सवाशीण दिसते." पूजा झाल्यावर टोपण काढून परत टांगायचं हे माझ्या मनात होतं. खोटं सांगत नाही, मनात होतं. पण तेवढ्यात मायनं सुवाऱ्या लाटायला हाक मारली आणि मी गेले. गुंडाला हात लावून पाहिला होता, पाणी अजून गरम होतं.

आठ-दहा सुवाऱ्या लाटल्या असतील. अंगणातून बाईनं "माय" अशी हाक मारली. एकदाच, आणि मोठ्यानं नाही. आम्ही बाहेर आलो तर ती खाटेची दोरी धरून उभी होती आणि खाली रक्त होतं. पाणी नाही, रक्त. मायनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "धाव, सुईणीले आण." सुईण गावाच्या दुसऱ्या टोकाला, तलावापलीकडच्या टोलीवर, म्हणजे वस्तीवर, राहायची. मी धावले. सणाचा दिवस, ती घरी नव्हती, शेजारणीकडे वडे करायला गेली होती. तिला शोधून, तिचे हात धुवून होईपर्यंत वेळ गेला. सगळ्या वाटेनं मला जीप आठवली नाही. एकदाही नाही. हे मी पुष्कळ वेळा आठवून पाहिलं आहे.

परत आलो तर अंगणात जीप नव्हती. शेजारची काकू कमरेवर हात देऊन उभी होती. ती म्हणाली, "दादा आला तुहा. मायनं त्याले म्हटलं, सुईणीचं हे काम नाही, गोंदियाले ने. गेले आता नागऱ्याच्या वाटेनं. देव आहे पाठीशी, गाडी घरीच होती म्हणून बरं झालं." जिथे जीप असायची तिथे तेलाचा काळा डाग होता, आणि डागाच्या बाजूला तो पितळी गुंड. तोंडावर धोतराचं फडकं बांधलेला. काठोकाठ भरलेला.

गुंड माझ्यानं उचलला नसता. मी एक लहान गुंडी त्यात बुडवून भरली, डोक्यावर घेतली आणि निघाले. धावता येईल तिथे धावले, नाही तिथे भरभर चालले. डोक्यावरचं पाणी न सांडता धावायची आम्हा मुलींना सवय होती. रस्त्यानं माणसं नवे कपडे घालून चालली होती. कोणी म्हणालं, "काऊन व, दसऱ्याच्या दिवशी पानी कोठी नेऊन राहिली?" मी मनात म्हणत होते की काकूला दिसलं नसेल, दादानं पाणी पाहिलं असेल, वाटेत कुणाच्या विहिरीवर भरलं असेल. पण मला नियम माहीत होता. त्यानं स्टेअरिंग पाहिलं असणार आणि स्टेअरिंगला टोपण नव्हतं.

नागऱ्याच्या अलीकडे, देवळाचा कळस दिसतो त्या वळणावर, मोहाच्या झाडाखाली जीप उभी होती. लांबूनच जळका वास आला. वाफ नव्हती, वाफ निघायला आत पाणी लागतं. दादा हॅंडल मारत होता आणि हॅंडल फिरत नव्हतं. हार बोनेटवर तसाच होता, त्याची खालची फुलं गरमीनं काळी पडली होती. मला पाहून दादानं बोनेट वर केलं, गमच्यानं टोपण काढलं आणि आत पाहिलं. "कोरडी आहे," तो म्हणाला. "पानीच नाही यात. स्टेरिंगले टोपण नव्हतं, मी पायलं. मी पायलं होतं न व." मी गुंडी खाली घेतली. त्यानं ती माझ्या हातातून ओढली आणि थोडं पाणी आत ओतलं. फस् असा आवाज झाला आणि आत काही तरी तडकलं.

मायनं मागून ओरडून सांगितलं, "कायले वतून राहिला त्या लोखंडात? इकडे आन. पोरीले पाज."

माय मागच्या बाकावर बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी बाईला पाणी पाजलं. ती दोन घोट प्याली, थांबली, पुन्हा प्याली. तोंड पांढरं पडलं होतं. मला म्हणाली, "धावत आली का व? येडी आहे." आणि पुन्हा पाणी मागितलं. त्या पाण्याचा तेवढाच उपयोग झाला.

नागऱ्यातून बैलगाडी आणेपर्यंत आणि तीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, टाकून बाईला निजवेपर्यंत उन्हं कलली. बैल चांगले होते, हाकणारा चांगला होता, पण बैलच ते. दवाखान्याच्या फाटकाशी बाळ झालं. दिवेलागण व्हायच्या आधी बाई गेली. डॉक्टरीण मायला म्हणाली, दोन घंटे पहले लाते तो. तिचं बोलणं खरं होतं म्हणून मला तिचा राग आला नाही. घरी बाबूजी लोंब्या घेऊन आले तेव्हा अंगणात कोणी नव्हतं. लोंब्या त्यांनी कोठ्यात टाकल्या, बैलांनी खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी बैल जुंपून जीप ओढून आणली. बाबूजी तिच्याभोवती एकदा फिरले, वाळलेला हार काढला, टोपण हातात घेतलं, मग स्टेअरिंगला अडकलेली मोकळी सुतळी पाहिली. ओसरीवर पाहुणे बसले होते, बाईच्या सासरची माणसं होती. मी दाराशी बाळाला कापसाच्या वातीनं शेळीचं दूध पाजत होते. दादानं सगळ्यांसमोर विचारलं, "टोपण कोनं लावलं होतं?" बाबूजींनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते सांगता येणार नाही, बाळानं दोनदा वात चोखली एवढा. मग म्हणाले, "मीच. टांगाचं विसरलो. भूल पडली."

मी बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही. दादा उठून त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "तुमची रीत तुमीच मोडली, अन् माह्या हातानं बाईले मारलं." महिन्याभरात तो रायपूरकडे ट्रकवर लागला आणि बाबूजींशी शेवटपर्यंत बोलला नाही. बाबूजी पुन्हा कोणत्याही गाडीला शिवले नाहीत. जीप अंगणात उभी राहिली, मागच्या बाकावर कोंबड्या अंडी घालायच्या.

चार वर्षांनी माझं लग्न बाईच्या नवऱ्याशी लावलं. लेकराला परकी आई नको, असं दोन्हीकडच्या माणसांनी ठरवलं. आमच्याकडे तसं करत. मांडवाच्या आदल्या दिवशी मी बाबूजींना गाठलं. म्हटलं, भाऊजींना एकदा सांगून टाकते, मग लग्न करायचं की नाही ते ठरवतील. बाबूजी म्हणाले, "आता कोनाले सांगू नोको. पोरगं तुह्या मांडीवर आहे. ते उतरवशीन का?" दुसऱ्या दिवशी मी मांडवात उभी राहिले. बाईचं घर मला मिळालं, तिचा नवरा मिळाला, तिचा मुलगा मला आई म्हणाला. तो मुलगा म्हणजे विजू. आम्ही दोघींनी ठरवलेल्या नावांपैकी ते एकही नाही, नाव तिच्या सासरच्यांनी ठेवलं. विजूचे वडील माणूस म्हणून वाईट नव्हते. ते गेले तोवर मी त्यांना सांगितलं नाही. माय गेली. बाबूजी गेले तेव्हा दादा चितेपाशी आला, लाकूड ठेवलं आणि लगेच गाडी पकडली. आणि मागच्या उन्हाळ्यात दादाही गेला, बापानं बहिणीला मारलं असं मनात धरून. त्याला पत्र लिहायला मला चौथी पुरेशी होती. मी लिहिलं नाही. बाकीच्या गोष्टी वय लहान होतं म्हणून सोडून देता येतील, ही येत नाही.

दादाच्या तेरवीवरून आलो आणि पुढच्या रविवारी विजूनं कूलंट बदलायला काढलं. टोपण स्टेअरिंगला बांधलं, खाली झोपला, बूच सोडला. हिरवी धार टबात पडायला लागली. मी खुर्चीवरून सांगायला सुरुवात केली. तो गाडीखाली होता, त्याचे फक्त पाय दिसत होते, म्हणून सांगता आलं. लोंब्या, हार, गडव्याचं तोंड, सुवाऱ्या, टोली, सगळं सांगितलं. त्याचे आबा, म्हणजे बाबूजी, विसरले नव्हते, टोपण मी लावलं होतं, असं सांगितलं. धार बारीक होऊन थेंबावर आली तरी तो बाहेर निघाला नाही.

मग निघाला. बूच घट्ट केला, हात पुसले. माझ्याकडे पाहिलं नाही. नवं कूलंट हळूहळू ओतलं, इंजिन चालू केलं आणि टोपण न लावता तसंच चालू ठेवलं. आतली हवा बुडबुड्यांनी निघून जावी लागते, पातळी खाली गेली की पुन्हा ओतायचं असतं. तो बुडबुड्यांकडे पाहत उभा होता. साठीला आलेला माणूस, बाईसारखा गोरा, कान अगदी तिचे. बुडबुडे थांबले तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं, स्टेअरिंगची सुतळी सोडली आणि टोपण माझ्यापुढे धरलं.

"तू लाव," म्हणाला.

रागानं म्हणाला की कशानं, ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. उठले, आत पाहिलं, भरलेलं होतं. टोपण लावून फिरवलं. तो माझ्या शेजारीच उभा होता.

"ते पानी," विजू म्हणाला, "तिनं पेलं ते. थंड झालं होतं का?"

"झालं होतं," मी म्हणाले.